वाचकांचे प्रश्न : सिंहाला नाव होते

प्रश्न : गेल्या रविवारी आमच्या घरी जेवताना वाद झाला. मारलेल्या सिंहाला टेकून, बंदूक मांडीवर ठेवून हसणाऱ्या एका परदेशी शिकाऱ्याचे छायाचित्र कोणीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले होते. माझी अकरावीत शिकणारी मुलगी ते पाहून ताटावरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ रडत बसली. माझे मेहुणे जेवायला आले होते. ते म्हणाले, "इथे रोज माणसे मरतात, तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस येत नाही, आफ्रिकेतल्या सिंहासाठी मात्र गंगा-यमुना!" त्यावर ती आतूनच म्हणाली, "मामा, त्या माणसांसाठी तुम्ही तरी कधी रडलात?" उलट बोलली म्हणून मी तिला रागावलो, परंतु दोघांपैकी बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मोठ्यांशी बोलण्याची रीत म्हणून आपण मुलीला रागावलात, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मात्र तिने मामांना विचारलेला प्रश्न रास्त होता, आणि माझे बरेचसे उत्तर त्याच प्रश्नाच्या आधाराने पुढे जाणार आहे.

शिकाऱ्याच्या छायाचित्रावरून जगभर उसळलेल्या संतापाचे सर्वांत मोठे उदाहरण सेसिल या सिंहाचे आहे. जुलै २०१५ च्या आरंभी झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, परंतु तिच्या अगदी लगत, सुमारे १३ वर्षांचा हा सिंह अमेरिकेतील एका दंतवैद्याने मारला. त्यासाठी त्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. सिंह बाणाने जखमी झाला, कित्येक तास तसाच राहिला आणि मग त्याला संपवण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक त्याच्यावर अभ्यास करत असल्याने त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा होता, पर्यटक त्याला नावाने ओळखत होते आणि त्याच्या काळसर आयाळीची छायाचित्रे आधीच जगभर गेलेली होती. २८ जुलै रोजी शिकाऱ्याचे नाव बाहेर आले. काही तासांत त्याच्या दवाखान्याच्या दारात लोकांनी कापडी वाघ-सिंहांचा ढीग रचला, आणि १ ऑगस्टच्या रात्री न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर सेसिलचा चेहरा प्रकाशाने रेखाटला गेला.

आता तेच दिवस आपल्या जिल्ह्यात पाहा. त्याच २८ जुलैच्या रात्री ठाकुर्ली येथे एक जुनी इमारत कोसळून ९ जण मरण पावले. त्यानंतर आठवडाभराने, ४ ऑगस्टच्या पहाटे, आपल्याच नौपाड्यातील बी-केबिन भागात तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर बसली आणि १२ जण गेले. त्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी छत्री धरून उभा होतो. जवान ढिगाऱ्यातून हाताला लागेल ते बाहेर देत होते आणि कोणीतरी ती भांडी शेजारच्या इमारतीच्या भिंतीशी नीट रचून ठेवत होते. त्यात पोह्यांचा की रव्याचा एक स्टीलचा डबा होता. तो एका बाजूने पार चेपला होता, पण त्याचे झाकण जसेच्या तसे घट्ट बसलेले होते. संध्याकाळी घरी आल्यावर मी सेसिलविषयीची बातमी वाचली आणि मला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आज इतक्या वर्षांनी त्या सिंहाचे नाव, वय आणि आयाळीचा रंग मला आठवतो. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर गेलेल्या त्या बारा जणांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. तेव्हा आपल्या मेहुण्यांची तक्रार पोकळ आहे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ती तक्रार करण्याचा अधिकार त्यांना आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

मनाचा हा व्यवहार अभ्यासकांनी तपासून पाहिलेला आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी झालेल्यांच्या हाती ५ डॉलर देऊन त्यांतले किती दान कराल, असे विचारले होते. काहींना मालीमधील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची माहिती आणि छायाचित्र दिले, काहींना आफ्रिकेतील लक्षावधी भुकेल्यांची आकडेवारी दिली आणि काहींना दोन्ही दिले. पहिल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, दुसऱ्यांनी १.१४. तिसऱ्या गटाने दोन्ही वाचून अधिक द्यायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी १.४३ दिले. म्हणजे रोकियाशेजारी आकडा येऊन बसताच रोकियासुद्धा थोडी पुसट झाली. हा प्रयोग मला फार अस्वस्थ करतो, कारण वर्तमानपत्रात काम करणारी आम्ही मंडळी वाचकाला गांभीर्य कळावे म्हणून नेमके हेच करत आलो आहोत.

प्राणी आणि माणूस यांची थेट तुलनाही झालेली आहे. बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील २५६ विद्यार्थ्यांना मारहाणीची एक बनावट बातमी वाचायला देण्यात आली. बातमी तीच, फक्त मार खाणारा कधी तान्हे मूल, कधी प्रौढ माणूस, कधी कुत्र्याचे पिल्लू, तर कधी मोठा कुत्रा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मूल, पिल्लू आणि मोठा कुत्रा या तिघांविषयी वाटलेली कणव प्रौढ माणसाच्या वाट्याला आली नाही. यातला अर्थ 'लोकांना माणसांपेक्षा जनावरे प्यारी' असा घाईने काढू नये, कारण तान्हे मूलही कुत्र्यांच्याच पंगतीत बसले आहे. जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही आणि ज्याचा दोष काढता येत नाही, त्याच्यासाठी आपण लगेच पाघळतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत मात्र 'तो तिथे गेलाच कशाला?' हा प्रश्न मनात आधी उठतो. इमारत धोकादायक होती तर राहिलेच कशाला? गाडीला एवढी गर्दी होती तर दारात लटकलाच कशाला? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून काहींचे प्राण गेले, त्या दिवशी ठाणे स्थानकाच्या फलाटावर हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला. विचारणारा स्वतः पुढच्या गाडीला लटकूनच गेला. सिंहाला हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट खलनायकाची. सेसिलच्या बाबतीत गुन्ह्याची गोष्ट एका छायाचित्रात मावत होती: मारणारा, मेलेला आणि मधले हसू. नौपाड्यातल्या इमारतीला कोणी मारले? पन्नास वर्षांचा पाऊस, गंजलेले लोखंड, भाडेकरू आणि मालक यांच्यातील न मिटणारे भांडण, दुरुस्तीसाठी न जमलेली वर्गणी आणि घर एकदा सोडले की ते परत मिळणार नाही ही भीती, या सर्वांनी मिळून. यांपैकी कोणाच्या दारात कापडी खेळणी ठेवायची? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हा संताप मोठा होता. मृतांची संख्या मोठी होती हे तर खरेच. परंतु तिथे बांधकाम व्यावसायिक आणि अधिकारी यांना अटक झाली, म्हणजे बोट दाखवायला माणसे सापडली, हेही त्यामागे होते.

यावरून मेहुण्यांच्या बोलण्यातील मुख्य चूक दिसते. करुणेचा साठा पिंपातल्या पाण्याप्रमाणे ठरलेला असतो आणि त्यातले तांब्याभर सिंहाला दिले की माणसाला तेवढे कमी पडते, असे ते गृहीत धरतात. तसे असते तर सेसिलच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, २ सप्टेंबर २०१५ रोजी, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या आलान कुर्दी या सीरियन बालकाचे छायाचित्र पाहून जग तसे हेलावले नसते. तिथे माणूसच होता, परंतु त्यालाही नाव होते, लाल सदरा होता आणि एक किनारा होता. स्वीडनच्या रेडक्रॉसकडे निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या त्यानंतर कित्येक पटींनी वाढल्या आणि काही आठवड्यांतच ओसरल्या. युद्ध चालूच होते. सिंहाला जे मिळाले तेच त्या बालकालाही मिळाले: प्रखर, खरे आणि अल्पजीवी दुःख.

म्हणून 'तेव्हा कुठे गेला होता तुमचा कळवळा?' हा प्रश्न विचारणाऱ्याने तो कोणत्या कामातून उठून विचारला, हे मी आधी पाहतो. धोकादायक इमारतीतील रहिवाशांच्या कागदपत्रांसाठी महापालिकेत खेटे घालणारा कार्यकर्ता हे बोलला, तर मी मान खाली घालून ऐकेन. जेवणाच्या ताटावर बसून मृत माणसांचा उपयोग केवळ रडणाऱ्या मुलीला गप्प करण्यासाठी होत असेल, तर त्यात त्या माणसांविषयीही फारसे प्रेम नाही. आपल्या कन्येने हे एका वाक्यात ओळखले.

मात्र तिलाही एक गोष्ट सांगावी. दूरच्या सिंहासाठी रडणे फुकट असते. फुकट म्हणजे व्यर्थ नव्हे, बिनखर्चाचे. जवळच्या माणसाचे दुःख लगेच वर्गणी मागते. ठाण्यात दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मी राहतो त्या सोसायटीच्या सूचना फलकावर दोन वर्षांपूर्वी सी-२बीची नोटीस लागली होती. महिनाभरात तिच्यावर गणेशोत्सवाच्या वर्गणीचा कागद टाचला गेला, त्यावर पाण्याच्या वेळांचा आणि त्याच्यावर कोणाच्या तरी हरवलेल्या मांजरीचा, छायाचित्रासह. मांजर तीन दिवसांत सापडली. अख्खी इमारत तिला शोधत होती, मीही टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो होतो. दुरुस्तीसाठी दरडोई किती रक्कम काढायची, यावर सभा अजून चालू आहेत आणि जिन्याच्या तुळईखाली लावलेला लोखंडी टेकू आता आम्हाला दिसेनासा झाला आहे.

प्रश्न : शिकाऱ्यांनी मोजलेल्या डॉलरांवर आफ्रिकेतील गावे जगतात, त्यामुळे अशा शिकारीला विरोध करणारे शहरी लोक प्रत्यक्षात गरिबांच्या पोटावर पाय देतात, असे आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि या वादातले दोन्ही पक्ष आपापले अर्धेच सांगतात. झिम्बाब्वेत १९८९ पासून 'कॅम्पफायर' नावाची योजना आहे; तिच्यानुसार वन्यप्राण्यांपासून, त्यातही मुख्यतः शिकारीच्या परवान्यांतून, मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा स्थानिक परिषदांमार्फत गावांकडे जावा, अशी अपेक्षा आहे. शेतात घुसणाऱ्या हत्तीपासून काहीच मिळत नसेल तर गावकरी त्याला जगू देणार नाहीत, हे तिच्यामागचे साधे गणित आहे आणि ते चुकीचे नाही. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना वन्यप्राण्यांवरील हक्क दिले. याउलट केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली आणि पर्यटनावर भर दिला. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि हत्तींचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी आल्यावर २०१९ मध्ये ती उठवली. पैसा परिषदेपर्यंत पोचतो आणि तिथून झोपडीपर्यंत येताना बराच झिरपतो, ही तक्रार मात्र जुनी आहे. आपल्याकडील योजनांचा अनुभव असलेल्या वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

सिंहांचे मोठे शत्रू शिकारी पर्यटक आहेत, असेही नाही. आटत चाललेले अधिवास, कमी झालेले भक्ष्य आणि गुरे मारल्याच्या रागातून होणाऱ्या हत्या यांचा वाटा त्याहून मोठा आहे. त्यामुळे छायाचित्रातील हसऱ्या माणसाला हाकलून दिले की सिंह वाचला, असे होत नाही. तरीही मौजेखातर मारलेल्या प्राण्याच्या उशाशी बसून हसण्याची किळस वाटणे ही अडाणी भावुकता नव्हे. आपल्या संस्थानिकांच्या वाड्यांतून वाघाच्या पाठीवर बूट ठेवलेली चित्रे कालपर्यंत मानाने टांगलेली असत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या मानाला उतरती कळा लागली, ही सुधारणाच आहे.

प्राध्यापकांच्या म्हणण्यातील जो भाग मी उचलून धरीन, तो पैशांचा नाही. सेसिलच्या प्रकरणी अमेरिकेत शिकणाऱ्या झिम्बाब्वेच्या एका तरुणाने तेथील वृत्तपत्रात लेख लिहिला होता. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या भागात एक सिंह फिरू लागला, मुलांना घोळक्याने शाळेत जावे लागे, बाहेर खेळणे बंद झाले; आणि सिंह मारला गेला तेव्हा तो कोणी मारला याची चौकशी न करता गाव नाचले. हे वाचताना मला यवतमाळ आठवले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव परिसरात अवनी ऊर्फ टी-१ ही वाघीण मारली गेली, तेव्हा मुंबई-ठाण्यात मेणबत्त्या पेटल्या आणि तिकडच्या गावांत फटाके वाजले. ज्या पद्धतीने तिला मारले त्याविषयी उपस्थित झालेले प्रश्न गंभीर होते. तिचे दोन बछडे होते, हेही खरे. परंतु तिच्या नावावर १३ माणसांचे मृत्यू लावले गेले होते, आणि आम्हा शहरी मंडळींना वाघिणीचे नाव, तिचा सरकारी क्रमांक आणि बछड्यांची संख्या पाठ असताना कापूस वेचायला जायला घाबरणाऱ्या बाईविषयी काहीही ठाऊक नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हाही त्याची कॅमेऱ्यातील दृश्ये दुपारपर्यंत प्रत्येक फोनवर होती. येऊरच्या पाड्यांवर अंधार पडल्यावर मुलांना घराबाहेर एकटे सोडत नाहीत, ही बातमी होत नाही. तिचे दृश्य कसे काढणार?

एवढेच आपल्या प्राध्यापकांना विचारा: त्या गावांच्या वतीने शिकारीचे समर्थन करणाऱ्यांपैकी कितीजण त्या गावांना विचारून बोलतात? विरोधकांइतकेच तेही दुरून बोलत असतात.

प्रश्न : अशा संतापाचा पुढे काही उपयोग होतो का? दोन दिवस सगळे चिडतात आणि विसरतात.
— एक वाचक, कळवा

उत्तर : कधीकधी होतो. सेसिलनंतर ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील काही मोठ्या विमान कंपन्यांनी शिकारीची शिरे व कातडी वाहून नेणे बंद केले. ऑक्सफर्डच्या सिंह-संशोधनासाठी १० लाख डॉलरांच्या आसपास देणग्या जमल्या, आणि त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकन सरकारने सिंहाला आपल्या संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणण्याचा निर्णय जाहीर केला. झिम्बाब्वेत मात्र शिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही, त्याची कागदपत्रे योग्य असल्याचे तेथील सरकारने ऑक्टोबरमध्ये सांगितले. आणि जुलै २०१७ मध्ये सेसिलचा झांडा हा छावाही शिकारीत मारला गेला. झांडाचे नाव आपण ऐकलेले नसेल. संताप दुसऱ्या खेपेला येत नाही.

आपल्याकडे याउलट कायदा आहे आणि संताप नाही, अशीही उदाहरणे आहेत. मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून गेले. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि तो उतरवणारा सरकारी असो वा खासगी, त्याने फरक पडत नाही. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. आरंभी त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मात्र प्रमाण वाढले की नाकाला तो वासच कळेनासा होतो. त्यामुळे आत उतरलेल्याला धोका टळल्यासारखे वाटते, आणि तो पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो.

कळव्यात आपण ज्या इमारतीत राहता तिथली टाकी कोणत्या ठेकेदाराकडून साफ होते, यंत्राने होते की माणूस उतरतो, उतरतो तर आधी वायू तपासतात का, हे सोसायटीच्या सचिवांना लेखी विचारा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. 'ठेकेदार बघतो' असे उत्तर आले, तर हा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घालून घ्या. टाकीचे झाकण बहुधा पार्किंगमध्येच असते. एखाद्या स्कूटरखाली सापडेल.